थंडीत पिवळी पडणारी केळ: जात ओळखायची कशी आणि करायचं काय (नागपूर)

डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की बागवाल्या मंडळींचे निरोप सुरू होतात. फोटोत अंगणातली केळ, पानं पिवळी, कडा करपलेल्या, आणि खाली ठरलेला प्रश्न: "ताई, थंडीत टिकते म्हणून घेतली होती. नेमकी जात कोणती हो ही?" बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, कोराडी रोड, लेआउट बदलतो, प्रश्न तोच. दरवेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

पानं किती भाजली यावरून जात कळत नाही. नर्सरीच्या पाटीवरून तर नाहीच नाही. देठ, खोड आणि केळफूल या तीन जागा नीट पाहिल्या की केळीचा गट बहुतेक वेळा कळतो, आणि गट कळला की ती आपल्या हिवाळ्यात कशी वागणार याचा अंदाज येतो. नेमकं नाव नाही सापडलं तरी काही अडत नाही.

आधी बघा: मेली की थांबली?

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता. इथल्या नोंदींतला तो नीचांक. म्हणजे शून्याला आपण टेकलेलोच नाही. एवढ्या थंडीत केळीची पानं खराब होतात, खोडाची बाहेरची सालपटं काळी पडतात, पण मातीखालचा कंद मरत नाही. तेव्हा जानेवारीत माळीदादा "काढून टाकू काय जी?" म्हणाले तर त्यांना थांबवा.

तपासायची सोपी रीत अशी. सर्वांत वरच्या, पूर्ण उलगडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी नवं पान येतं. साधारण १६ अंशांखाली केळ मंदावते आणि १०-११ च्या आसपास नवं पान काढणं जवळजवळ बंद करते. महिनाभरात दोऱ्याच्या वर एखादंच पान आलं, किंवा पोंगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) तसाच घट्ट उभा राहिला, तर ती फक्त थांबली आहे. महाशिवरात्रीच्या सुमाराला पोंगा हलायला लागतो.

पोंगा ओढल्याबरोबर हातात आला आणि बुडाशी आंबूस घाण वास असेल, तर मात्र कंद कुजला आहे. त्याचा दोष थंडीला देऊ नका. आपल्या काळ्या मातीत श्रावण-भाद्रपदात पाणी साचून राहतं, कुज तेव्हा सुरू होते आणि कळते थंडीत, कारण तेव्हा झाडाला ती भरून काढता येत नाही. पुढच्या वेळी गादीवाफा उंच करा, नाहीतर कुंपणाकडच्या उताराची जागा निवडा.

पिवळेपणा थंडीचाच आहे ना?

थंडीचा चरका ओळखायची एक खूण भरवशाची आहे: तो एकाच बाजूला जास्त असतो. उत्तरेकडच्या उघड्या वाऱ्यात असलेल्या पानांवर पिवळट-पांढरे पट्टे, तपकिरी कडा. आणि त्याच झाडाची भिंतीलगतची पानं बऱ्यापैकी हिरवी. असं असेल तर निर्धास्त राहा. फळ असेल तर एक केळं सोलून सालीची आतली बाजू पाहा. चिकाच्या नळ्या गोठून तिथे बारीक तपकिरी रेघा दिसतात. अशी केळी पिकली तरी झळाळत नाहीत, मळकट पिवळी राहतात, पण आतला गर खायला चांगला असतो. (फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते तीही याच कारणानं. १३ अंशांखाली केळ्याला सोसत नाही.)

नवंच पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा अभाव. नागपूरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हा प्रकार बारमाही आहे, हिवाळ्यात मुळं सुस्तावतात म्हणून जास्त दिसतो इतकंच. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग होत नाही, चुन्यामुळे ते लगेच अडकून बसतं. चिलेटेड लोहाची पानांवर फवारणी करा आणि बुडाशी शेणखत भरपूर द्या.

जुनी, खालची पानं कडेपासून पिवळी होत देठाशी मोडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबायला लागली, तर सावध व्हा. खोडाचा बुडाशी आडवा काप घ्या. आत तांबूस-तपकिरी ठिपके आणि रेघा दिसल्या तर मर रोग आहे. ती केळ कंदासकट काढायची, तिथली माती बागेत दुसरीकडे पसरायची नाही आणि त्या जागी पुन्हा केळ लावायची नाही. रसथाळी, मालभोग या चवदार मंडळींना हा रोग फार लवकर धरतो.

पानं अरुंद, ताठ, शेंड्याला गुच्छ केल्यासारखी एकत्र, आणि देठावर गडद हिरव्या तुटक रेघा दिसल्या तर बंची टॉप. हा विषाणू आहे, मावा पसरवतो, इलाज नाही. उपटा. करप्याचे ठिपके तर सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत, राखाडी मधला भाग आणि भोवती पिवळी कड. ती पानं कापून टाकली की पुरे.

आता जात, म्हणजे खरं तर गट

आपण खातो त्या बहुतेक केळी दोन रानटी पूर्वजांपासून आलेल्या आहेत: मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिल्याला ए म्हणतात, दुसऱ्याला बी. केळीचा गट सांगताना एएए, एएबी, एबीबी अशी अक्षरं येतात ती यातूनच. दमट उष्ण जंगलातला ए गोड, नाजूक आणि लाडाचा. बी काटक, थंडी, कोरड आणि वारा तो ए पेक्षा बराच जास्त सोसतो. म्हणून "थंडीला टिकणारी केळ कोणती" या प्रश्नाचं घरगुती रूप "माझ्या केळीत बी या पूर्वजाचा वाटा किती" असं आहे.

हे प्रयोगशाळेशिवाय बघता येतं. सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी १९५५ साली पंधरा बाह्य लक्षणांची एक पद्धत मांडली. प्रत्येक लक्षण ए कडे झुकलं तर एक गुण, बी कडे झुकलं तर पाच, मधलं असेल तर मधले गुण. बेरीज १५ ते २३ आली तर शुद्ध ए, २४ ते ४६ म्हणजे एएबी, ४९ च्या आसपास एबी, ५९ ते ६३ म्हणजे एबीबी. घरी सगळी पंधरा लक्षणं मोजत बसायची गरज नाही. मी लोकांना तीन-चारच पाहायला सांगते.

सर्वांत उपयोगी देठ. वरून तिसरं पान घ्या, खोडापासून थोडं पुढे देठ धारदार पातीनं आडवा कापा. अंगावर जुने कपडे असू द्या, चिकाचे डाग कशानेच जात नाहीत. काप समोर धरला की देठाची पन्हळ दिसते. पन्हळ वर ताटासारखी उघडी असेल, कडा बाहेर पसरलेल्या आणि त्यांना कागदासारखी पातळ, सुकी झालर असेल, तर ए. कडा आत वळून एकमेकींना जवळजवळ भेटल्या असतील, पन्हळीची बंद नळी झाली असेल, झालर नसेल, तर बी. मधलंच काहीतरी असेल, कडा उभ्या पण मिटलेल्या नाहीत, तर एएबी किंवा एबी समजून पुढे चला. रोपाला केळफूल यायची वाट पाहावी लागत नाही, हा याचा मोठा फायदा. फक्त कमरेपेक्षा बुटक्या पिल्लावर ही तपासणी करू नका, लहान रोपाचे देठ फसवतात.

मग खोड. सुकलेली सालपटं काढा आणि आतलं ताजं खोड पाहा. ए गटात त्यावर काळे-तपकिरी मोठे डाग विखुरलेले असतात. बी जास्त असेल तर डाग नावालाच, खोड एकसारखं हिरवं, वर बऱ्याचदा पांढरट राख चोळल्यासारखा मेणाचा थर. बोटानं पुसला तर निघतो.

केळफूल असेल तर मजा आहे. त्याची एक जांभळी पाकळी उचलून पाहा. ए च्या पाकळ्या उघडल्या की मागे गुंडाळतात, टोक निमुळतं, आतला रंग बुडाकडे फिकट पिवळा होत जातो. बी ची पाकळी रुंद, टोक बोथट, ती उचलली जाते पण गुंडाळत नाही, आणि आतला लालभडक रंग थेट बुडापर्यंत तसाच. पाकळीखालची नरफुलं ए मध्ये दुधी-पिवळसर, बी मध्ये त्यांच्यावर गुलाबी छटा. केळफुलाची भाजी करण्याआधी दोन मिनिटं एवढं पाहून घ्या, मग खुशाल चिरा.

नागपुरातल्या अंगणात साधारण काय सापडतं

निम्म्याहून जास्त फोटोंत जी-९ च असते. ग्रँड नैन, एएए, ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं सगळीकडे मिळतात म्हणून. उंची साधारण साडेसहा-सात फूट, देठ उघडा, खोडावर डाग. थंडीत ही सर्वांत आधी पिवळी पडते आणि आपल्याला वाटतं झाड गेलं. तिच्याहून बुटकी, पाच-सहा फुटांची, घडाखालच्या दांडीवर सुकलेली फुलं आणि पाकळ्या तशाच चिकटून राहिलेली असेल तर बसराई. तीही एएए. लाल केळ एएए. खोडच तांबूस, त्यामुळे ओळख सोपी. तिला घड द्यायला दीड वर्षाच्या आसपास लागतं, म्हणजे एक हिवाळा तरी तिला झेलावाच लागतो.

सफेद वेलची एबी आहे. सडपातळ खोड, छोटी केळी फणीत गच्च बसलेली, साल पातळ. थंडीत जी-९ पेक्षा बरीच बरी.

आणि भाजीची केळ. जुन्या घरांच्या मागे, विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेली, कुणी लावली ते कुणालाच आठवत नाही अशी. फळ जाड, कंगोऱ्यांचं, साल जाडजूड, देठ मिटलेला, खोडावर राख. ही एबीबी. बिहारकडच्या घरांमधून आलेली कोठिया याच जातकुळीतली, आणि दक्षिणेतली कर्पूरवल्ली किंवा मोंथनही याच गटात बसतात. थंडीत हिचीही वरची पानं थोडी करपतात, पण पोंगा चालू राहतो. नागपुरात थंडीला टिकणारी केळ हवी असेल तर माझं मत सरळ आहे: हीच शोधा. पिकवून खायला जी-९ सारखी गोडमिट्ट लागणार नाही, पण कर्पूरवल्लीसारखी एखादी मिळाली तर तीही तक्रार राहत नाही.

उत्तर कर्नाटकातली राजापुरी, एएबी, हीसुद्धा चांगली. गंमत अशी की अमेरिकेतले हौशी बागवाले थंडीला काटक केळ्यांच्या यादीत तिचं नाव घेतात, आणि आपण मात्र तिकडच्या याद्या वाचून भलतीच रोपं मागवतो.

"थंडीत टिकणारी" असं लिहून काय विकलं जातं

सर्वाधिक विकलं जाणारं नाव मुसा बासजू. तिची ख्याती खरी आहे, पण ती बर्फाच्या देशासाठी. तिथे तिची पानं दरवर्षी जळतात, खोड जातं, आणि जाड आच्छादनाखाली कंद जगतो, वसंतात पुन्हा फुटतो. एवढंच तिचं काटकपण. आपल्याकडे कंद कुठल्याच केळीचा थंडीनं मरत नाही, मग बासजू घेऊन मिळवलं काय? वर तिची फळं बियांनी भरलेली, खाण्याजोगी नाहीतच. शोभेसाठी हवी असेल तर घ्या, पण मे महिन्याचा विचार करून. मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. इथली खरी परीक्षा तेव्हा असते.

दुसरं नाव सिक्कीम केळ, मुसा सिकिमेन्सिस. लहान रोपाच्या पानांवर मरून-तांबूस पट्टे दाखवून ही विकतात. इथे नीट लक्ष द्या. जी-९ च्या ऊतिसंवर्धित लहान रोपांच्या पानांवरही असेच मरून डाग असतात आणि रोप मोठं झालं की निघून जातात. त्यामुळे हातभर रोपाच्या पानावरचे डाग पाहून "विशेष जात" म्हणून जादा पैसे देऊ नका. चार-पाच महिन्यांनी डाग गेले आणि देठ उघडा निघाला, की तुमच्या घरी जी-९ आली आहे. विकणाऱ्याशी भांडून काही होत नाही, घड तरी खा.

निळ्या केळ्याच्या बियांची पाकिटं हा तर सरळ फसवणुकीचा धंदा. ब्लू जावा ही खरी जात आहे, एबीबी, कच्च्या फळावर चंदेरी-निळसर झाक असते. पण खाण्याच्या केळींना लावता येईल असं बी नसतंच. त्या मुनव्यांपासून (बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांपासून) किंवा ऊतिसंवर्धनानं वाढतात. पाकिटात बी आहे म्हणजे ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

एक निराळीच गल्लत सांगून पुढे जाते. सह्याद्रीच्या सहलीहून काही जण कड्यावरची रानकेळ घेऊन येतात. बूड फुगीर, मुनवे कधीच नाहीत, आणि पावसाळा संपला की पानं वाळून ती मेल्यासारखी दिसते. तो तिचा स्वभाव आहे, थंडीशी संबंध नाही. तिला हिवाळाभर पाणी घालत बसलात तर उलट कुजेल.

घड अडकतो, त्याचं काय

पानांची चिंता लोक फार करतात, पण खरं नुकसान इथे होतं. डिसेंबर-जानेवारीत निसवायला (घड बाहेर काढायला) आलेली केळ थंडीनं आखडते, दांडी पुरेशी लांबत नाही, आणि घड खोडाच्या तोंडाशीच अडकून बसतो. कधी अर्धाच बाहेर येतो, कधी खोडाची बाजू फोडून. फण्या दाटीवाटीच्या, केळी वाकडी, भरत नाहीत. जी-९ आणि बसराईत हे सर्वांत जास्त. एकदा अडकलेला घड ओढून बाहेर काढता येत नाही. खोडाची सालपटं चिरून वाट मोकळी करण्याचा उद्योग काही जण करतात; मी करू देत नाही, त्या जखमेतून कुज शिरते.

उपाय वेळेचा आहे. जळगावकडे मृगबाग आणि कांदेबाग असे लागवडीचे दोन हंगाम ठरलेले आहेत, ते उगाच नाहीत. घरी आपल्याला तारीख पाळता येत नाही, पण कोणता मुनवा ठेवायचा हे आपल्या हातात असतं. मुनवा ठेवल्यापासून निसवायला साधारण आठ-नऊ महिने लागतात असं धरा. मार्च-एप्रिलचा मुनवा ठेवलात तर तो नेमका ऐन थंडीत निसवेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराचा ठेवलात तर हिवाळा लहानपणी काढून पावसाळ्यात निसवतो, आणि मेच्या उन्हात घड भाजण्याची भीतीही राहत नाही. बाकीचे जमिनीलगत कापत राहा.

थंडीच्या दिवसांत हे करा: संध्याकाळी किंवा रात्री पाणी द्या, आणि ते गच्चीवरच्या टाकीचं नको. अंधार पडल्यावर टाकीतलं पाणी गारठत जातं. बोअरचं किंवा विहिरीचं थेट पाणी कोमट असतं, त्यानं मुळांना ऊब मिळते. बुडाशी वाळलेल्या पानांचं वीतभर आच्छादन, पण खोडाला टेकवू नका. निंबोळी पेंड पाव किलो आणि थोडं पालाशयुक्त खत नोव्हेंबरातच द्या. जानेवारीत युरिया ओतून पानं हिरवी होत नाहीत. उत्तरेकडून वारा थेट येत असेल तर शेवरीची ओळ किंवा तात्पुरती हिरवी जाळी. घड बाहेर असेल तर त्यावर जुनी सुती साडी किंवा गोणपाट सैल गुंडाळा, खालून उघडं ठेवून. करपलेली पानं फेब्रुवारी संपेपर्यंत कापू नका, पोंग्याला तेवढाच आडोसा.

नवी लावायची असेल तर जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर ओळखीच्या कुणाकडून भाजीच्या केळीचा मुनवा मागा. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा घ्या. रुंद पानांचा दिसायला गुबगुबीत असला तरी त्याचा कंद कमकुवत असतो. सब्बलीनं कंदासकट काढा, कंदावरची मुळं आणि काळे डाग तासून टाका, एक दिवस सावलीत ठेवून मग लावा. आणि मागायला जाल तेव्हा मोठ्या झाडाच्या तिसऱ्या पानाचा देठ कापून त्याचा फोटो काढून आणा. पुढच्या जानेवारीत विचारायला आलात तर मी पहिल्यांदा तोच मागणार आहे.